मथुरेची भरपगारी रजा

या गोष्टीत मधूनमधून 'धप्प' असा शब्द येईल. तो छपाईचा दोष नाही. तो आला की वाचकाने जरा थांबावं आणि मग पुढे जावं. वालीवला आमच्या गाळ्यात आम्ही सगळे असंच बोलतो.

धप्प.

आमच्याकडे लोखंडी कपाटांच्या बिजागऱ्या तयार होतात. माझं तिथलं पद मला स्वतःला नीट सांगता येत नाही. पगारपत्रकावर मी 'अकाउंट्स', बाहेरच्या पत्रांवर 'प्रशासन अधिकारी', आणि पाण्याचा टँकर आला नाही की 'अहो मोंडकर'. माझ्या टेबलामागे प्लायवूडचं पार्टिशन आहे आणि पार्टिशनमागे मथुरा.

मथुरा ही पॉवर प्रेस आहे. एका बाजूने पत्रा सरकवायचा, पायाने पेडल दाबायचं, की वरून लोखंडाचा ठोकळा उतरतो, धप्प, आणि पत्र्यातून बिजागरीचा तुकडा कापून खाली पडतो. इतकंच काम. पण ते ती ज्या पद्धतीने करते ते पाहून मी नोकरीच्या पहिल्या दिवशी डबा खायला विसरलो होतो. चंदनसारला आमचा फ्लॅट आहे, त्याच्या बेडरूममध्ये ती मावणार नाही, आणि मावली तर मी आणि विनया आनंदाने हॉलमध्ये झोपू, अशी तिची बैठक आहे. तिचं चाक एकदा फिरायला लागलं की त्याच्याकडे बघताना माणूस आपोआप चपला काढायच्या बेतात येतो. चाकाच्या झाकणावर पिवळ्या रंगात 'मथुरा' लिहिलेलं आहे. कोणी लिहिलं, ही मथुरा कोण, कोणालाच ठाऊक नाही. ती सेकंडहँड आली तेव्हाच हे नाव घेऊन आली. खंडेनवमीला आमच्या गाळ्यातली हेमांगी त्या नावालाच हळदकुंकू लावते.

आता बोलण्याचं. ठोका पडतो तेव्हा ऐकू येत नाही. म्हणून दोन ठोक्यांच्या मध्ये मावेल एवढंच वाक्य बोलायचं, थांबायचं, धप्प, आणि उरलेलं पुढच्या फटीत. नवा माणूस काही दिवस ओरडतो. मग शिकतो. मग त्याला दुसऱ्या तऱ्हेने बोलताच येत नाही. दुपारी जेवायच्या सुट्टीत मथुरा बंद असते, तेव्हा आमच्यात कोणी बोलत नाही. अर्धं वाक्य बोलून ठोक्याची वाट बघत बसायची भीती वाटते. बाहेरचे लोक याला शिस्त म्हणतात.

घरी मात्र विनया याला वेगळं काही म्हणते. "तुम्ही 'दूधवाला' म्हणून थांबता," ती म्हणते, "मला वाटतं, दूधवाल्याला काही झालं."

धप्प.

तर एक दिवस मालकांनी मला आत बोलावलं. आमचे मालक जितेशशेठ. घराणं होळी गावचं, घरची फुलांची आणि केळीची वाडी, भावकी अजून शेतीत, आणि हे एकटेच लोखंडात आले. त्यांच्यासमोर आमच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाचा मेल होता. कपाटं करणारी कंपनी. त्यांचं माणूस तपासणीला येणार होतं आणि आधी काही प्रश्नांची उत्तरं हवी होती.

"मोंडकर, इथे विचारलंय," जितेशशेठ म्हणाले, "तुम्ही कर्मचाऱ्यांच्या कामाची—"

धप्प.

"—दखल कशी घेता? आपण कशी घेतो?"

"उशिरा आले की घेतो," मी म्हणालो.

"तसली नाही. चांगली दखल. कौतुक वगैरे. काहीतरी बसवा. फोटो पाहिजेत त्यांना."

मी उठत होतो, तर त्यांनी छताकडे बघत दुसरी गोष्ट सांगितली. नवी हायड्रॉलिक प्रेस बुक केली आहे. आवाज नाही, ठोका नाही, बटणावर चालते. जागा मोकळी हवी म्हणून मथुरा शंकरशेठना दिली. शंकरशेठ म्हणजे जुन्या मशिनी उचलणारे व्यापारी. ते महिनाअखेरीला हायड्रा क्रेन घेऊन येतील.

"आणि कॉन्रॅड?" मी विचारलं.

कॉन्रॅड म्हणजे कॉन्रॅड तुस्कानो, मथुरेवरचा ऑपरेटर. त्याला मी मथुरेसमोरच्या स्टुलाखेरीज दुसऱ्या कशावर बसलेला पाहिलेला नाही.

"बटण दाबायला," जितेशशेठ छतालाच म्हणाले, "कॉन्रॅड कशाला लागतो?"

धप्प, असं कॉन्रॅडने पलीकडून म्हटलं. म्हणजे मथुरेने.

*

हा भाग मी घरी लिहितोय, म्हणून यात ठोके नाहीत, आणि म्हणून वाक्यं कुठे संपवावीत हे मला कळत नाहीये, तरी सांगायचं ते असं की कौतुक कसं करतात याची मला काहीच माहिती नव्हती, माझं स्वतःचं कौतुक शेवटचं चौथीत झालं होतं आणि तेही हस्ताक्षराचं, त्यामुळे मी खालच्या मजल्यावरच्या शांतारामकाकांकडे गेलो, जे जिल्हा परिषदेतून निवृत्त झाले आहेत आणि ज्यांच्याकडे कपाटाचा एक अख्खा कप्पा मिळालेल्या शालींचा आहे, आणि ते म्हणाले, "बस. सत्काराने माणूस खूष होतो हा गैरसमज आहे. सत्काराने फुलवाला खूष होतो," आणि मग त्यांनी मला सत्कारमूर्ती निवडण्याच्या सगळ्या पद्धती सांगितल्या, ज्यातली एकही त्यांच्या मते यशस्वी होत नाही, आणि सर्वांत कमी भांडणं मतदानात होतात, कारण त्यात भांडण कोणाशी करायचं तेच कळत नाही, आणि "पुरस्काराला वजन पाहिजे रे, नुसत्या नारळाला कोण विचारतो, रजा दे, नोकरीची हमी दे, लिहायला काय जातं," असं ते म्हणाले तेव्हा मी मान डोलावली, आणि तीच माझी

इथे विनयाने जेवायला बोलावलं.

*

सूचना

या गाळ्यात काम करणाऱ्या सर्वांपैकी जे सर्वांच्या मते उत्कृष्ट ठरेल, त्यास शाल, श्रीफळ, भिंतीवर फोटो आणि आठ दिवसांची भरपगारी रजा देण्यात येईल. तसेच पुढील एक वर्ष त्यास कोणत्याही कारणास्तव येथून दूर केले जाणार नाही.

*

भाषा माझी. 'कोणत्याही कारणास्तव' हे शब्द लिहिल्यावर मी पेन खाली ठेवून त्यांच्याकडे थोडा वेळ बघत बसलो होतो, इतके ते मला आवडले. जितेशशेठनी फोनवर पत्र्याच्या भावावरून भांडता भांडता सही केली. मी सूचना फळ्यावर लावली आणि एक प्रत गिऱ्हाइकाकडे पाठवली. तिथल्या तपासणी अधिकारी अनुष्का मॅडम. त्यांचं लगेच उत्तर आलं. त्या चकित झाल्या होत्या. एवढ्याशा गाळ्यात एवढा पुढारलेला विचार त्यांनी पाहिला नव्हता. नोकरीची हमी तर मोठमोठ्या कंपन्या देत नाहीत. त्या सत्काराला स्वतः येणार होत्या.

मी ते उत्तर विनयाला दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा तिने कुकर लावला.

मतदानाला चिठ्ठ्या नकोत, असं हेमांगी म्हणाली. हेमांगी पॅकिंगला आहे आणि गाळ्यातले सगळे निर्णय तीच घेते, सही फक्त शेठ करतात. "सर, चिठ्ठीवर अक्षर कळतं. मग वर्षभर टोमणे. त्यापेक्षा डबे ठेवा. प्रत्येकाच्या नावाचा एक. ज्याने त्याने आपापली बिजागरी टाकायची."

ग्रीसचे रिकामे डबे धुऊन मी त्यांच्यावर नावं चिकटवली. जेवणाच्या सुट्टीत मथुरा थांबली. गाळा गप्प झाला. गुप्त मतदान म्हणून मी भिंतीकडे तोंड करून बसलो. मागे पावलं वाजली, लोखंडावर लोखंड किणकिणलं. सगळं शांत झाल्यावर मी वळलो आणि डबे पाहिले.

सगळे रिकामे.

मी एक डबा उलटा करून हलवला. प्रशासन अधिकाऱ्याच्या पहिल्या निवडणुकीवर बहिष्कार. मी सगळ्यांकडे बघितलं. सगळे मन लावून जेवत होते. हेमांगीने तोंडातला घास न थांबवता चमच्याने माझ्या मागे दाखवलं.

मथुरेच्या त्या काळ्या लोखंडी पाटावर, जिथे ठोकळा उतरतो तिथे, बिजागऱ्या उभ्या होत्या. प्रत्येक थोडीशी उघडलेली, नमस्काराला जोडलेल्या हातांसारखी. झाडून सगळ्यांच्या. वरच्या खिडकीतून ऊन येतं ते नेमकं त्यांच्यावर पडलं होतं. मी उठून उभा राहिलो. का उभा राहिलो ते मला माहीत नाही. राष्ट्रगीताला राहतो तसा राहिलो.

सुट्टी संपली, चाक फिरायला लागलं आणि मला वाचा आली.

"कॉन्रॅड, हे काय आहे?"

धप्प.

"मत."

धप्प.

"मशीनला मत देतात का कोणी?"

"साहेब, तुमची नोटीस वाचा. गाळ्यात काम करणाऱ्या सर्वांपैकी." धप्प. "ती काय इथे हवापालटाला आलीय?"

"अरे, त्यापेक्षा सगळ्यांनी तुला मत दिलं असतं तर तुझी नोकरी तरी—"

धप्प.

"आणि बसलो असतो कुठे? तुमच्या मांडीवर?"

मग माझ्या लक्षात आलं. ही गेली तर तो गेला, हे गाळ्यात सगळ्यांना आधीच कळलं होतं. ही राहिली तर तो राहतो. आणि 'कोणत्याही कारणास्तव' हे माझे लाडके शब्द त्यांनी माझ्यापेक्षाही जास्त वेळा वाचले होते.

*

जितेशशेठनी पुन्हा मतदान घ्यायला लावलं. पुन्हा बिजागऱ्या मथुरेवरच उभ्या राहिल्या, आणि या वेळी शेवटी एक झेंडूचं फूल होतं.

"सूचना काढून टाका," शेठ म्हणाले.

"मॅडमकडे आहे."

"मग सांगा त्यांना, की निवड झाली... मशीनची." शेठ स्वतःच ऐकत राहिले, ते वाक्य कसं वाटतं ते. "नको. नका सांगू."

आणि त्याच वेळी मॅडमचा फोन माझ्या टेबलावर आला. हे संभाषण मी जसंच्या तसं देतो. त्यात मी एकही खोटा शब्द बोललेलो नाही, हे लक्षात ठेवावं.

"कोण जिंकलं?"

"मथुरा."

"अरे वा. महिला कर्मचारी. जुन्या आहेत?"

"सगळ्यांत जुन्या."

"रजा वगैरे घेतात का?"

"एकदाही नाही."

"घरी कोण असतं त्यांच्या?"

"त्या इथेच असतात, मॅडम."

पलीकडे पेन खाली ठेवल्याचा आवाज आला. मग मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "अशाच लोकांवर सगळं उभं असतं ना," आणि मी म्हणालो, "अगदी तसंच," आणि मथुरा म्हणाली धप्प.

"हा कसला आवाज?"

"त्याच काम करतायत."

फोन ठेवल्यावर शेठ माझ्याकडे बघत होते. त्यांच्या डोक्यात वेगळाच हिशेब जुळत होता. "करा सत्कार," ते म्हणाले. "मॅडमना काय ते समोर सांगू, हसतील. फोटो निघू दे. शंकरशेठना पण त्याच दिवशी बोलावतो. मॅडमची गाडी वळली की हायड्रा आत. रजेवर गेली म्हणायचं."

हे त्यांनी दोन ठोक्यांच्या फटीत न मावणाऱ्या आवाजात सांगितलं. पार्टिशन प्लायवूडचं आहे. त्या दिवशी मथुरेचे ठोके संध्याकाळपर्यंत जरा जड पडत होते असं मला वाटलं. मशीनला मन नसतं हे मला माहीत आहे. मी फक्त काय वाटलं ते सांगतोय.

*

सत्काराची तयारी.

शाल: शांतारामकाकांनी स्वतः येऊन माप घेतलं. टेप पुरेना तेव्हा त्यांनी टोपी काढली. "एका शालीचं काम नाही हे," ते म्हणाले आणि घरी जाऊन आपला कप्पा रिकामा केला. पतपेढीची शाल, गणेश मंडळाची शाल, निरोप समारंभाच्या दोन, व्याख्यानमालेची एक जिची घडीही मोडली नव्हती. काकूंनी त्या शिवून एक केल्या. काकूंचा चेहरा मी खूप वर्षांत इतका समाधानी पाहिला नव्हता. कप्पा मोकळा झाला होता.

श्रीफळ: कुठे ठेवायचं यावर वाद झाला. पाटावर ठेवलं आणि चुकून पेडलवर कोणाचा पाय पडला तर प्रसाद थेट वाटताच येईल, असं हेमांगी म्हणाली. कॉन्रॅड हसला नाही. मेन स्विच बंद केल्याशिवाय तो कोणालाही मथुरेच्या जवळ फिरकू देणार नव्हता, मग तो नारळ असो की मालक.

हार: मी होळी गावात शेठच्या चुलतभावाच्या वाडीत फोन केला.

"मान केवढी आहे?"

"मान नाहीये."

"मग खांदे सांगा."

मी चाकाचा घेर सांगितला. पलीकडच्याने आकडा मोठ्याने परत म्हटला. मग, "मोंडकर, माणूस आहे ना?" मी म्हटलं, तुम्ही बनवा.

*

सत्काराच्या सकाळी हार टेम्पोतून आला. झेंडू आणि मोगरा, मध्ये केळीच्या सोपटाची वीण. वाडीतल्या बायकांनी पहाटेपासून बसून तो ओवला होता आणि ओवता ओवता त्यांना बहुधा थांबावंसं वाटलं नव्हतं. तो टेम्पोभर वेटोळं घालून बसला होता. चारजणांनी धरला, तर मधला भाग जमिनीवरच राहिला. सगळ्यांनी धरला, तर हार पुढे जाईना, माणसंच हारात अडकली.

तेवढ्यात अनुष्का मॅडमची गाडी गल्लीत शिरली. वालीवची ती गल्ली पाहिलेल्यांना माहीत आहे, तिथे एक गाडी शिरली की दुसरीने बाहेर थांबायचं असतं. पण मॅडमच्या मागोमाग शंकरशेठची हायड्रा शिरली, पिवळीधमक, हुक हलवत. शंकरशेठ वेळेचे पक्के. आता गल्लीत पुढे टेम्पो, मध्ये मॅडम, मागे हायड्रा. मॅडमची गाडी वळणं शक्यच नव्हतं. शेठच्या बेताला पहिलीच ठेच लागली.

मॅडम उतरल्या. चष्मा, खांद्याला पिशवी, वयाने तरुण, आमच्या हेमांगीएवढ्या. त्यांनी मागे क्रेन पाहिली, पुढे तो हार पाहिला आणि त्यांचे डोळे मोठे झाले.

"हारासाठी क्रेन आणलीत?" त्या म्हणाल्या.

शेठनी तोंड उघडलं. हेमांगी मध्ये पडली. "हो मॅडम. आमच्याकडे असंच असतं. ओ ड्रायव्हरदादा, हुक खाली घ्या."

शंकरशेठ 'अरे अरे' करेपर्यंत हार हुकाला लागलाही होता. तो हळूहळू वर गेला. शटर पूर्ण उघडलं होतं. ज्या हाताने मथुरेला उचलून न्यायचं होतं, तोच हात मॅडमच्या गाडीवरून झेंडूचा तो अजस्र हार घेऊन आत आला, इंचाइंचाने, पाकळ्या गाळत, आणि तिच्या चाकासमोर येऊन थांबला. शेजारच्या गाळ्यांतले कामगार हातातलं काम टाकून आले होते. रबराचे, प्लास्टिकचे, बॅटऱ्यांचे. कोणी मोबाइल काढला नाही. इतकं मोठं काहीतरी चाललंय असं सगळ्यांना वाटत होतं.

"आणि मथुराबाई?" मॅडमनी विचारलं.

सगळ्यांनी हाराकडे बोट दाखवलं. मग हारामागे.

मॅडमनी चाकाच्या झाकणावरचं पिवळं नाव वाचलं. माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघितलं. अंगावर काटा येण्यासाठी आणि घाम फुटण्यासाठी एकच जागा असते हे मला त्या क्षणी कळलं. मॅडम मथुरेच्या आणखी जवळ गेल्या आणि मान वर करून बघत राहिल्या. पहिल्या दिवशी मी बघत होतो तशा.

"बंद करतो," कॉन्रॅड म्हणाला आणि त्याने मेन स्विच खाली ओढला.

मोटार थांबली. पण चाक लगेच थांबत नाही. ते फिरत राहिलं, हळू, आणखी हळू, जणू काय काय करायचं राहिलंय ते आठवत असावं. मग थांबलं. हुक सुटला, हार उतरला, काकांनी आणि हेमांगीने शिडीवर चढून ती महाशाल पसरली. टाळ्या. आणि मग शेठ बोलायला उभे राहिले.

"आज आपण—"

थांबले.

आम्ही सगळेच थांबलो. ठोक्याची वाट बघत. ठोका कुठून येणार? शेठनी पुन्हा सुरुवात केली.

"आज आपण सगळे—"

पुन्हा तेच. शेठच्या कपाळावर थेंब जमले. आयुष्यभर या गाळ्यात बोललेला माणूस, दोन ठोक्यांच्या मध्ये मावेल तेवढाच बोलायला शिकलेला. मॅडम वाट बघत होत्या. शंकरशेठ घड्याळ बघत होते. मला वाटलं, आता हा माणूस असाच उभा राहणार, आणि आम्हीही, आणि आमच्यावर पाकळ्या पडत राहणार.

तेव्हा खालून आवाज आला.

धप्प.

कॉन्रॅडचा पाय. स्टुलावर बसून, बंद मशीनसमोर, नुसत्या फरशीवर. तो स्वतः तिकडे बघतही नव्हता. त्याला कळलंही नसावं. पण तो पाय पडला तो नेमका जिथे पडायचा तिथे, ज्या फटीनंतर पडायचा त्या फटीनंतर.

"—जमलो आहोत," शेठ म्हणाले.

धप्प.

"मथुरेच्या—"

धप्प. या वेळी हेमांगीचा तळहात पॅकिंगच्या टेबलावर, कॉन्रॅडच्या पायाबरोबर.

"—सत्कारासाठी."

धप्प. आता सगळ्यांचे हात. ग्रीसच्या डब्यांवर, पत्र्यावर, मांडीवर. शेजारच्या गाळ्यातले लोकही, ज्यांना भिंतीपलीकडून इतकी वर्षं हाच ठोका ऐकू येत होता. मीही. माझ्या हाताला तो ठोका आधीच माहीत होता.

शेठचं भाषण तयार होतं. 'मनुष्यबळ' हा शब्द त्यात मीच घातला होता. पण ते भाषण त्यांनी सोडून दिलं. ते कॉन्रॅडच्या पायाकडे बघत होते.

"मला वाटत होतं—"

धप्प.

"ठोका मशीनचा आहे."

धप्प.

"तर तो—"

इथे शेठ थांबले, पण ठोक्यासाठी नाही. धप्प आलं आणि गेलं. आणखी एक आलं आणि गेलं. मग त्यांनी दोन्ही हातांनी शालीचं टोक उचललं. शाल एवढी मोठी होती की मथुरेवरून खाली सांडून उरली होती. ते उरलेलं टोक त्यांनी कॉन्रॅडच्या खांद्यांवर टाकलं.

पाय थांबला. सगळे हात थांबले.

"शेठ, गरम होतंय," कॉन्रॅड म्हणाला.

"राहू दे," शेठ म्हणाले, आणि ते एका दमात म्हणाले.

मॅडमनी लिहून घेतलं. त्यांच्या तपासणीत कर्मचारी माणूस असावा अशी अट कुठेच नव्हती, असं त्यांनी नंतर मला हळूच सांगितलं. पण त्या क्षणी त्यांनी शेठना एवढंच विचारलं, "म्हणजे वर्षभर इथून हलणार नाहीत ना?"

शेठनी शंकरशेठकडे बघितलं. गल्लीत उभ्या हायड्राकडे बघितलं.

"कोणत्याही कारणास्तव," ते म्हणाले.

माझे शब्द. मी भिंतीला टेकलो.

"मग मी नेऊ काय?" शंकरशेठ म्हणाले. "हायड्राचा अर्धा दिवस गेला."

"हार न्या," हेमांगी म्हणाली.

आणि त्यांनी खरंच नेला. मथुरेला हार घालून चालवता येणार नव्हतं, आणि तो आणखी कुठे मावणारही नव्हता. हुकाला तो हार लटकवून हायड्रा गल्लीतून मागे मागे गेली आणि वालीव नाक्याकडे वळली. आम्ही सगळे शटरपाशी उभे राहून बघत होतो. नाक्यावरचे लोक बाजूला होत होते. कोणाचा हार, कशाचा हार, कोणी विचारलं नाही. एका रिक्षावाल्याने हात जोडले, आणि मग मागच्यानेही.

*

शब्द दिला म्हणजे दिला. मथुरा दुसऱ्या दिवसापासून आठ दिवसांच्या रजेवर गेली, पगारासकट. मशीनचा पगार कोणत्या खात्यात टाकायचा याचा घोळ अजून माझ्याच टेबलावर आहे. नवी प्रेस पुढच्या वर्षावर ढकलली गेली. रजेत कॉन्रॅडने मथुरेचे बेअरिंग धुतले आणि चाकाच्या झाकणावरचं पिवळं नाव तसंच ठेवून बाकीचा सगळा रंग नवा दिला.

पण त्या आठ दिवसांत गाळ्यात कोणी धड वाक्य बोलू शकलं नाही. शेठ फोनवर 'हॅलो' म्हणून थांबायचे आणि पलीकडचा माणूस ठेवून द्यायचा. मी घरी येताना पार मुका होऊन यायचो.

अशाच एका संध्याकाळी विनया पोळ्या लाटत होती. माझ्या मनात गेले काही दिवस एक गोष्ट घोळत होती. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो.

"विनया," मी म्हणालो, "इतकी वर्षं तू—"

आणि थांबलो. अर्थातच. ठोका नाही. मी दारात उभा, तोंड अर्धं उघडं. सत्काराच्या दिवशीच्या शेठसारखा.

विनयाने मागे वळूनही पाहिलं नाही. तिने लाटणं उचललं आणि पोळपाटावर मारलं.

धप्प.

"—माझा डबा—"

धप्प.

"—कधीच—"

धप्प.

"—चुकवला नाहीस."

तवा तापत होता. तिने मनगट चेहऱ्याकडे नेलं. मला वाटलं, डोळे पुसतेय. ती पीठ झटकत होती. मग तिने माझ्याकडे वळून नीट, वरपासून खालपर्यंत बघितलं, मॅडम मथुरेकडे बघत होत्या तसं.

"मग माझी भरपगारी रजा कधीपासून?" तिने विचारलं.

लाटणं तिने खाली ठेवलं होतं. त्यामुळे मला उत्तर देता आलं नाही.